परळची सकाळ, कुर्ल्याची संध्याकाळ

परळला टाटा हॉस्पिटलचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. दादर स्टेशनबाहेर टॅक्सीत बसून नुसते ‘टाटा’ म्हटले तरी पुरते. आणि पायी निघालात तर रस्ता माणसेच दाखवतात. हातात एक्स-रेची मोठी पाकिटे, बगलेत फाइल, तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, आणि बरोबर पाण्याची बाटली धरलेला कुणीतरी नातेवाईक. ही माणसे ज्या दिशेने चालली आहेत, त्या दिशेला हॉस्पिटल.

हा सगळा परिसरच दवाखान्यांचा. प्लेगच्या लसीमुळे नाव झालेली हाफकिन संस्था इथे १८९९ पासून आहे. केईएम १९२६ चे. मुलांचे वाडिया हॉस्पिटल जवळच. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यानंतर टाटांच्या ट्रस्टने कॅन्सरसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारायचे ठरवले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला ते सुरू झाले. १९६२ पासून त्याचा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. समोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. याच हॉस्पिटलात आयुष्य घालवलेले ते सर्जन.

या रस्त्यावर आम्ही सहा वेळा गेलो. अम्मीला अंडाशयाचा कॅन्सर निघाला आणि दर २१ दिवसांनी एक अशा सहा केमो ठरल्या. आम्ही तिघे भावंडे आळीपाळीने सोबत असायचो. सांगलीहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी दादरला उतरायचे, पहिल्या दिवशी रक्ततपासणी आणि डॉक्टरांची भेट, दुसऱ्या दिवशी केमो, तिसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने परत. मुक्काम कुर्ल्याला खालाच्या घरी.

अम्मीला शुगर नऊ वर्षांपासूनची. सकाळी दोन गोळ्या, रात्री एक, आणि सगळे बेताचे चाललेले. आमच्या मनात भीती होती ती कॅन्सरची. शुगरची आम्हाला सवय झालेली होती. या सफरीत कळले ते असे की केमोच्या दिवसांत शुगरचा स्वभावच बदलतो, आणि तो बदल सकाळच्या तपासणीत दिसत नाही. सकाळचा आकडा हॉस्पिटलात घेतला जातो. संध्याकाळचा आकडा पेशंट जिथे असेल तिथे, कुणा नातेवाइकाच्या घरी, धर्मशाळेत किंवा आगगाडीत वाढत असतो. तो पाहणे घरच्यांच्या हाती असते. एवढी एकच गोष्ट सांगण्यासाठी हा लेख.

केमोची खुर्ची

केमोच्या दिवशी सकाळी अम्मीची उपाशीपोटीची शुगर १२४ आली. सगळ्यांचे चेहरे खुलले. नंतर सुई लागली. मुख्य औषधाच्या आधी सिस्टरने तीन-चार इंजेक्शने दिली. त्यांतले एक डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. आम्ही विचारले, हे कशासाठी? सिस्टर म्हणाल्या, “पॅक्लिटॅक्सेलची अ‍ॅलर्जी येऊ नये म्हणून, आणि उलटीसाठीही. याने शुगर वाढेल. आता नाही, दुपारनंतर. मशीन आहे ना घरी?”

स्टेरॉइड शरीरात गेले की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागते. दुसरीकडे स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. साखर आत जायची ती बाहेरच फिरत राहते. सकाळी औषध दिले तर चार-पाच तासांनी याचा जोर दिसू लागतो, दुपारचे जेवण झाले की तो वाढतो आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतो. रात्री पोट रिकामे राहिले की शुगर उतरते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तपासले तर आकडा पुन्हा बराचसा ठीक दिसतो. मधली संध्याकाळ कुणाच्याच नजरेला पडत नाही. हा अंमल दीड-दोन दिवस राहतो. उलटीसाठी पुढचे दोन-तीन दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर आणखी लांबतो. ज्यांना कधीच शुगर नव्हती अशा पेशंटचीही या दिवसांत वाढू शकते.

स्टेरॉइडने शुगर वाढते म्हणून ते नको, असे मात्र कुणी म्हणू नये. काही केमोच्या औषधांना शरीर एकदम उसळून विरोध करते. दम लागतो, रक्तदाब कोसळतो. ते टाळण्यासाठी हे औषध असते. गोळ्या घरी दिल्या असतील तर आपल्या मनाने बंद करू नयेत. आपले काम शुगर मोजण्याचे आणि डॉक्टरांना आकडे दाखवण्याचे.

आणखी एक गोष्ट आम्ही त्या खुर्चीशेजारी बसून पाहिली. दुसरे औषध, कार्बोप्लॅटिन, ज्या बाटलीतून चढवत होते तिच्यावर डेक्स्ट्रोज लिहिलेले होते. म्हणजे साखरेचे पाणी. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, चहाचे साधारण पाच चमचे. शेजारच्या पेशंटचा मुलगा घाबरून बाटली बदला म्हणू लागला. सिस्टरने त्याला शांतपणे समजावले की काही औषधे साखरेच्या पाण्यातच नीट टिकतात, मिठाच्या पाण्यात ती बिघडतात. बाटली बदलायची नसते. ही साखर आत जाते आहे हे लक्षात ठेवून पुढचे बघायचे असते.

कुर्ल्याचे दस्तरखान

संध्याकाळी परळहून स्लो लोकल धरली की दादर, माटुंगा, शीव आणि मग कुर्ला. खालाचे घर चाळीत दुसऱ्या मजल्यावर. बहीण मोठ्या इलाजाला आलेली, तेव्हा खालाने बिर्याणी केली होती, दालचा केला होता आणि मोठ्या ताटात शाही तुकडे मांडून ठेवले होते. “आपा, दिनभर सुई लगी तुमको, थोडा तो मीठा खाओ.” या बोलण्यात किती माया होती ते खालाच्या डोळ्यांत दिसत होते.

जेवणाआधी मशीनवर आकडा आला ३१८. खाला म्हणाली, “सकाळी तर चांगली होती ना?” आम्ही तिला सिस्टरने सांगितलेले सगळे सांगितले. रात्री नऊला ३५२ झाली. अम्मीला तहान लागली होती, तोंड कोरडे पडले होते, सारखे लघवीला जावे लागत होते. हे सगळे केमोमुळेच होत असेल असे वाटणे अगदी साहजिक आहे. थकवा, तहान, डोळ्यांपुढे धुरकट दिसणे ही शुगर वाढल्याची लक्षणे आणि केमोचा त्रास ही एकमेकांत इतकी मिसळतात की मशीनशिवाय ती वेगळी करता येत नाहीत.

आम्ही आकडे वेळेसह वहीत लिहिले आणि सकाळी हॉस्पिटलात फोन केला. डॉक्टरांनी वही घेऊन बोलावले. ती पाहून त्यांनी पुढच्या केमोपासून दोन दिवस सकाळी इन्सुलिन आणि तिसऱ्या दिवसापासून नेहमीच्या गोळ्या असे लिहून दिले. ते म्हणाले, “नुसती सकाळची शुगर बघून मला हे देता आले नसते.” हा हिशेब अम्मीच्या औषधांसाठी, वजनासाठी होता. दुसऱ्याचा हिशेब दुसराच असेल. वही मात्र प्रत्येकाला लागेल.

इन्सुलिनचे नाव निघाले तेव्हा अम्मीने पहिला प्रश्न विचारला तो हलालचा. आपल्या घरांत हा प्रश्न अजून अनेकांच्या मनात असतो, आणि तो मनातच ठेवून लोक इंजेक्शन टाळतात. पूर्वी इन्सुलिन गाय आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत, ही गोष्ट खरी. १९८२ पासून मानवी इन्सुलिन प्रयोगशाळेत जिवाणू किंवा यीस्ट यांच्याकडून तयार करून घेतले जाते. आज दुकानात सहसा मिळते ते हेच. डॉक्टरांनी बाटली दाखवून हे सांगितले, तेव्हा अम्मीने बिस्मिल्लाह म्हणून हात पुढे केला.

खालाचे दस्तरखान नंतरच्या खेपांनाही भरलेलेच राहिले. फक्त त्याचा क्रम बदलला. अम्मीच्या ताटात आधी काकडी, घरी धुऊन चिरलेली. मग मटणाचे तुकडे किंवा मासा, वाटीभर डाळ, आणि शेवटी एक ज्वारीची भाकरी किंवा थोडा भात. गोड बाकीच्यांनी खायचे. जेवण एकदम भरपूर न करता दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे. जेवणानंतर झेपेल तसे चाळीच्या गॅलरीत दहा मिनिटे, कुणाचा तरी हात धरून. चालले की स्नायू साखर वापरतात. खाला दर वेळी तिच्याबरोबर चालायची आणि दोघी माहेरच्या गोष्टी काढायच्या.

उपाशी ठेवणे हा उपाय नाही, हेही सांगितले पाहिजे. साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो असे ऐकून काही घरांत पेशंटचा भात, फळे, दूध सगळेच बंद करतात. शरीर लागणारी साखर स्वतःही बनवते, ती कुणाला बंद करता येत नाही. अशाने वजन आणि ताकद मात्र जाते, आणि केमो सोसायला तीच हवी असते. अंडी, मासे, कोंबडी, डाळी, दही, पनीर असे अंगाला लागणारे अन्न या दिवसांत औषधाइतकेच गरजेचे. मळमळ होत असली की माणूस ग्लुकोजची बिस्किटे, खारी, टोस्ट आणि गोड चहा यांच्यावरच दिवस काढतो. अशा वेळी गरम जेवणाचा वास सहन होत नसेल तर थंड दहीभात, उकडलेले अंडे, भाजलेले चणे, बिनसाखरेचे ताक हे पोटात राहते. शहाळे, फळांचा रस, उसाचा रस ‘नैसर्गिक’ असला तरी साखरच. त्यातून रस्त्यावरचा रस किंवा कापून ठेवलेली फळे केमोच्या पेशंटने घेऊच नयेत. पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा त्यातून जंतू पोटात जातात.

सांगलीत परतल्यावर

आमचा सांगली जिल्हा साखर कारखान्यांचा, बेदाण्यांचा आणि हळदीचा. अम्मी घरी आली की मोहल्ल्यातून बिमारपुर्सीला माणसे येत. कुणी तासगावचे बेदाणे आणी, कुणी हजहून आलेले खजूर, कुणी मधाची बाटली, कुणी हळदीचे दूध. रिकाम्या हाताने कुणी येत नाही, ही आपली रीत. मधात शिफा असल्याचे कुरआनात आले आहे, म्हणून मधाने शुगर वाढत नाही असा पुष्कळांचा समज असतो. मध, खजूर, बेदाणे, गूळ या साऱ्यांनी ती वाढते. शिफा अल्लाहकडून येते आणि इलाज करणे हीही त्याचीच शिकवण. उंट बांधून मग तवक्कुल करायचे, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आम्ही कुणाची भेट परत केली नाही. दुआ अम्मीला आणि खजूर घरातल्यांना, अशी वाटणी झाली. स्टेरॉइडचे दिवस संपल्यावर ती जेवणानंतर एखादा खजूर खायची. बोटाला खजुराचा गोडवा असताना तपासले तर मशीन खोटा मोठा आकडा दाखवते, म्हणून साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच सुई टोचायची. टोचायचे बोटाच्या कडेला. केमोत प्लेटलेट कमी होतात, त्यामुळे नंतर कापूस जरा जास्त वेळ दाबून धरायचा.

परतीच्या प्रवासानंतरचा धोका उलटा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टेरॉइडचा अंमल ओसरतो आणि शुगर उतरू लागते. त्याच वेळी मळमळ आणि थकवा जास्त असतो, जेवण जात नाही. पोटात अन्न कमी आणि शुगरची गोळी चालू, अशी गाठ पडली की शुगर धोक्याच्या खाली जाते. दुसऱ्या केमोनंतर चौथ्या दिवशी हेच झाले. रात्री जेवण उलटून पडले होते. फजरच्या वेळी अम्मी वजूला उठली आणि नळाजवळच बसली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. मशीनवर आकडा ५८.

७० च्या खाली म्हणजे लगेच साखर द्यायची. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ८४ आले. मग अर्धी भाकरी आणि दूध. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. तिने बसूनच नमाज अदा केली आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत तिथेच बसून राहिलो. कॅन्सरच्या पेशंटला साध्या शुगरच्या गोळीने असे होऊ शकते, हे त्या पहाटेपर्यंत आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितले की जेवण गेले नाही किंवा उलटी झाली तर ग्लिमेपिराइडची गोळी द्यायची नाही, आधी विचारायचे. मेटफॉर्मिनचेही तसेच, सतत उलट्या-जुलाब असतील किंवा सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध द्यायचे असेल तर आधी विचारायचे. हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतले आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावला. आणि हे कायम लक्षात ठेवावे की माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा.

वाढलेल्या शुगरची आणखी एक बाजू दुसऱ्या आठवड्यात दिसते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. शुगर जास्त असेल तर उरलेल्या पेशींचे कामही मंदावते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर रात्र असो की सुटी, जवळच्या दवाखान्यात जायचे आणि ‘केमो चालू आहे, शुगर आहे’ हे दारातच सांगायचे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही.

पायांचीही काळजी लागते. पॅक्लिटॅक्सेलने बोटांना मुंग्या येतात, पाय बधिर होतात, आणि जुनी शुगर त्यात भर घालते. वजूचे गरम पाणी आधी घरातल्या दुसऱ्या कुणी कोपराने पाहावे. वजूनंतर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात आणि तेवढ्यातच तळपाय पाहून घ्यावेत, कुठे फोड किंवा जखम तर नाही. अम्मीला मिरजेला ख्वाजा शमना मिरांच्या दर्ग्याला जायचे होते. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालायला नको म्हणून आम्ही तिला सकाळी लवकर नेले, पायांत मोजे घालून.

रोजा आणि इफ्तार

चौथी केमो रमजानच्या पहिल्या आठवड्यात आली. अम्मीने गेल्या चाळीस वर्षांत आजारपण आणि बाळंतपण सोडले तर रोजे सोडलेले नव्हते. ती म्हणाली, “केमोचे दोन दिवस सोडून बाकीचे धरते.” तिला नाही म्हणण्याची हिंमत आमच्यापैकी कुणात नव्हती.

डॉक्टरांनी कारणे सांगितली. स्टेरॉइडच्या दिवसांत पाणी बंद असेल तर शुगर आणि कोरडेपणा दोन्ही वाढतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. कार्बोप्लॅटिनचा डोस तर मूत्रपिंडाचे काम पाहूनच ठरतो. त्यानंतरच्या दिवसांत शुगर खाली जाण्याची भीती. म्हणजे २१ दिवसांतला कुठलाच दिवस बेफिकीर नाही. मग आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना घरी बोलावले. त्यांनी अम्मीला समजावले की आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे. बरे झाल्यावर कजा करता येते आणि बरे होण्याची आशा नसेल तर फिदिया आहे. सवलत नाकारून जीव धोक्यात घालणे ही इबादत नाही.

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “इफ्तार तर करवू शकते ना?” त्या रमजानमध्ये ती रोज असरनंतर खुर्चीवर बसून फळांऐवजी चणे, उकडलेली अंडी आणि काकडी यांची ताटे लावून घ्यायची. तिची स्वतःची संध्याकाळची तपासणीही त्याच वेळी व्हायची. अजान होण्याआधी वहीत आकडा लिहिलेला असे.

फुटपाथवर

टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर दूरदूरच्या गावांचे पेशंट दिसतात. ज्यांना जागा मिळते ते धर्मशाळांत राहतात. दादरची संत गाडगे महाराजांची धर्मशाळा त्यांतली एक. ज्यांना मिळत नाही ते फुटपाथवर ताडपत्रीखाली. पाचव्या केमोच्या वेळी बीड जिल्ह्यातले एक चाचा आमच्याशेजारी बसले होते. त्यांच्या घरवालीला आठवड्याला एक केमो चालू होती. ते म्हणाले, “शुगर तर नाहीच तिला, सकाळी बघितली, चांगली आहे. पण दुपारनंतर पाणी पाणी करते.” आम्ही वही उघडून त्यांना आमचे आकडे दाखवले, सकाळचे आणि संध्याकाळचे. ते उठून आत गेले, सिस्टरला सांगितले, आणि दुपारी त्यांच्या घरवालीची तपासणी झाली. २८६ होती. उपचार सुरू झाले. जाताना त्यांनी आमच्या वहीत रेघा कशा मारल्या आहेत ते पाहून तशीच वही करून घेतली. तारीख, कितवा दिवस, न्याहारीआधी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना, आणि शेवटच्या रकान्यात काय खाल्ले, उलटी झाली का.

त्याच फुटपाथवर रोज अन्न वाटणारे येतात. सगळ्या धर्मांचे, सगळ्या जातींचे. चहा, केळी, बिस्किटे, शिरा, पुलाव. अल्लाह त्यांना बरकत देवो. त्यांच्यामुळे किती घरांचा दिवस निघतो ते आम्ही पाहिले आहे. आपल्या वाचकांमध्येही असे सवाबाचे काम करणारी घरे आहेत. त्यांना एवढीच विनंती की दवाखान्याबाहेर वाटायच्या पिशवीत अर्धे तरी अन्न शुगर असलेल्या माणसाला चालेल असे असावे. उकडलेली अंडी, भाजलेले चणे, उसळ, भाकरी, आणि बिनसाखरेच्या चहाचा एक वेगळा थर्मास.

आणि जकात किंवा सदका काढताना एखाद्या पेशंटसाठी शुगर तपासायचे मशीन आणि पट्ट्यांची डबी घेता आली तर तीही घ्यावी. पट्ट्या महाग वाटतात म्हणून लोक दिवसातून एकदाच, तेही सकाळीच तपासतात. देताना पेशंटच्या हाताशी बसून सांगावे की सुई प्रत्येक वेळी नवी आणि मशीन एकाच माणसाचे. आणि हेही सांगावे की केमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, सकाळी कितीही चांगली आली तरी, संध्याकाळी एकदा जरूर बघा.

अम्मीच्या सहा केमो पुऱ्या झाल्या, अल्हम्दुलिल्लाह. शुगरमुळे एकही पुढे ढकलावी लागली नाही. अल्लाह परळच्या त्या रस्त्यावरच्या सगळ्या बीमारांना शिफा देवो. आमीन.